यंदा गेरू फिका निघाला

आवळपाडा, ता. मोखाडा
४ फेब्रुवारी २०२४

चि. रविनास,
पोशी आत्याचे अ. उ. आ.

साक्षरता वर्गाच्या बाईंनी शिकवलं होतं की पत्रात आधी खुशाली लिहावी, मग हवापाणी, मग काम. मी आणि तुझे मामा दोघं खुशाल आहोत. हवा थंड आहे, पाणी विहिरीत आहे. आता काम लिहिते.

आपल्या फागीच्या प्रतिक्षाचं ठरलं. मुलगा जामसरचा, संदीप नाव. भाताची शेती आहे आणि बोलायला गोड आहे. लगीन मेच्या चौदा तारखेला. फागी सांगायला आली तेव्हा दारातच म्हणाली की लग्नाचा देवीचा चौक पोशीनेच लिहायचा, दुसरीचा हात माझ्या कुडाच्या भिंतीला लागू देणार नाही. आम्ही दोघी एकाच साली या पाड्यात सुना होऊन आलो, तिच्या पोरीचा चौक मी नाही लिहिणार तर कोण. तुला चालेल त्या दिवशी रजा काढ, आतापासून सांगून ठेव.

एकच काळजी आहे, पिठाचा चौक लालावरच उठून दिसतो. यंदा गेरू फिका निघाला. खडकीच्या उतारावरची आपली खाण तुला माहीत आहे, तिथली ढेकळं फोडली की आतून कशी लाल निघायची. मागच्या आठवड्यात ढवळूच्या मुलाच्या लग्नाला त्याच गेरूने कूड सारवला, तर दिसायला जुन्या चिखलासारखा. मी तीन हात दिले तरी रंग चढेना. तुझे मामा म्हणाले की चांगला लाल झालाय, आता पुरे. त्यांना काय कळतं, ते लाल बैलाला तांबडा म्हणतात आणि तांबड्याला पांढरा.

फोन कर म्हणतेस, पण रेंज टेकडीवर मिळते आणि तिथे वाऱ्यात कोण काय बोललं ते कळत नाही. पत्र घरात बसून दोनदा वाचता येतं. चंदूच्या जीपमधून मोखाड्याच्या टपालात टाकते आहे.

जेवत जा. आत्यावर माया आहे ती तशीच राहू दे.
तुझी आत्या,
पोशी नवसू


नाशिक
१२ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
रविनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. प्रतिक्षाचं वाचून इतका आनंद झाला की ड्यूटीवर दोन पेशंटना सांगून टाकलं. ते दोघंही जामसर कुठे आहे ते विचारत बसले. रजेचा अर्ज मी कालच दिला. आमच्या सिस्टर इन्चार्ज म्हणाल्या की मेच्या रजेचा अर्ज फेब्रुवारीत देणारी तू पहिलीच. मी म्हटलं, माझ्या आत्याचा हुकूम आहे.

गेरूचं मात्र नवल वाटलं. डोंगर तोच, खाण तीच, मग रंग कसा उतरला? लहानपणी तू मला खडकीवर न्यायचीस आणि येताना माझा फ्रॉक बघून मामा विचारायचे की पोरीला काय झालं. तो डाग कधी गेला नाही. मोखाड्याच्या बाजारात गेरूची पूड मिळते, ती आणून बघ ना एकदा.

आणि एक विचारते, रागावू नको. तुझ्या पत्राच्या ओळी आधी कशा शेताच्या बांधासारख्या सरळ असायच्या. या वेळी खाली उतरत उतरत शेवटची ओळ कागदाबाहेर गेली. हात दुखतो का? थंडीने बोटं आखडत असतील तर तेल लावून शेकत जा.

मामांना नमस्कार. तुझ्या हातच्या नागलीच्या भाकरीवाचून दिवस काढते आहे, एवढं लक्षात असू दे.
तुझी,
रविना


आवळपाडा
६ मार्च २०२४

चि. रविनास,
अ. उ. आ.

खुशाली नाही, म्हणून एकदम काम लिहिते. माझं आणि फागीचं तुटलं.

तू सांगितलंस तशी बाजारची पूड आणली. तीही तसलीच, राखेत कालवल्यासारखी. दुकानदाराला परत नेऊन दिली तर तो हसला आणि म्हणाला की मावशी, हीच पूड सगळे नेतात. मग फागी म्हणाली की तू दमलीस, मी खडकीवर जाऊन येते. दिवसभर खणून तिने टोपली भरून आणली. कुटली, भिजवली, फडक्यातून गाळली, सगळं तिने एकटीने केलं. मला बोलावलं आणि म्हणाली, बघ कसा रसरशीत आहे. मी बघितलं तर काळपट पाणी. मला वाटलं, ही माझी थट्टा करते आहे. नाहीतर कष्ट वाचवायला हिने वरची माती खरवडून आणली आणि मला गेरू म्हणून दाखवते आहे.

मी तसं बोलले. तिने भांडायला पाहिजे होतं, फागी कधी गप्प राहणारी आहे का? गप्प राहिली म्हणून माझा राग आणखी वाढला. मी ती परात उचलली आणि तिच्या अंगणात ओतली. तिची सून हर्षाली, घरधनी रघुभाऊ, शेजारची माणसं, सगळी बघत होती. मी म्हटलं, असल्या मातीवर मी देवीचा चौक लिहायची नाही, दुसरी बघ. आणि घरी आले.

आता आठ दिवस झाले. विहिरीवर ती आली की मी पाठ करते. तुझे मामा मला म्हणतात की तू चुकलीस. मी त्यांना दोन दिवस जेवण वाढलं पण बोलले नाही.

यंदा सगळंच बिघडलंय. पळससुद्धा मातकट फुलला. पूर्वी कसा रानात वणवा लागल्यासारखा दिसायचा. तुमची टपालाची शाईसुद्धा फिकी झाली आहे, तुझं पत्र मला दारात उन्हात बसून वाचावं लागलं. माझ्या ओळी वाकड्या जातात कारण पाट हलतो. हात चांगला आहे.

होळीला येणार नाहीस हा निरोप पोचला. आत्याला विसरू नको, सध्या बोलायला माणसं कमी झाली आहेत.
पोशी आत्या


नाशिक
१२ मार्च २०२४

ती. सौ. फागी मावशीस,
रविनाचा सा. न. वि. वि.

हे पत्र हर्षालीवहिनी तुला वाचून दाखवतील. वहिनी, हे फक्त मावशीलाच वाचून दाखवा.

मावशी, आत्याने तुझ्या अंगणात काय केलं ते तिनेच मला लिहिलं. तिच्या वतीने मी तुझे पाय धरते. पण मला एक विचारायचं आहे आणि ते तुझ्याशिवाय कोणाला विचारता येत नाही. गेरू खरंच फिका आहे का?

गेल्या रविवारी आमच्या वॉर्डातली एक मैत्रीण त्र्यंबकवरून मोखाड्याला जाऊन आली. घाटात पळस असा फुललाय की गाडी थांबवून फोटो काढले, म्हणाली. फोटो मी पाहिले. आत्या म्हणते पळस मातकट फुलला. तिला माझी शाई फिकी दिसते, आणि मी तर काळ्या पेनने लिहिते. मला जे वाटतं ते खरं असेल तर ती चुकीची नाही आणि तूही नाहीस. मला खरं काय ते कळव.

प्रतिक्षाला माझी आठवण सांग. तुझा हात माझ्या डोक्यावर असाच राहावा.
रविना


आवळपाडा
१९ मार्च २०२४

चि. रविनास,
फागी मावशीचे अ. आ.

(वहिनीचा नमस्कार. आई सांगतात ते जसंच्या तसं लिहिते आहे. मध्ये मी काही घातलं तर कंसात घालीन.)

पोरी, गेरू लालच आहे. इतका लाल मी दहा वर्षांत पाहिला नव्हता. अंगणात अजून तसाच पसरलाय, आमच्या कोंबड्या पायांनी घरभर लाल ठसे उठवतात. (हे खरं आहे. अंगणवाडीची माझी पांढरी साडीही गेली.)

मला मागच्या आधीच्या दिवाळीलाच कळलं. पोशी घराचा कूड लिहीत होती आणि नाचणाऱ्या बाया एकीवर एक चढत होत्या. तिला कळतच नव्हतं. ती हात धुवायला गेली तशी मी काडी घेतली आणि नीट केलं. परत येऊन बघून म्हणाली, बरं जमलंय. तेव्हापासून ती जिथे चौक लिहिते तिथे मी सोबत जाते. ती उठली की मी बसते. ढवळूच्या घरी तर तिने दोन हात गेरू कुडाच्या बाहेरच दिला होता, दाराच्या फळीवर. ढवळूला मी सांगितलं की यंदा अशीच पद्धत आहे.

तिला सांगितलं नाही कारण ती दिसत नाही म्हणायची नाही, आणि गावाला कळलं तर तिला चौकाला कोणी बोलावणार नाही. पोशीला तू ओळखतेस. लग्नघरी पिठाची वाटी हातात घेतली की ती अंगात आल्यासारखी सरळ बसते. ते तिच्याकडून काढून घेतलं तर उरलेला दिवस ती काय करील? मला चोर म्हणाली तर म्हणू दे, मला काय झालं.

पण भांडणानंतर एके दिवशी खडकीच्या उतारावर ती एकटी निघाली होती. पाय घसरला आणि करवंदीच्या जाळीत अडकली म्हणून वाचली. नवसूभाऊंनी आणली. तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नाही. तू दवाखान्यात आहेस, तूच काही कर. मात्र मी डागडुजी करते हे तिला कधी सांगायचं नाही. वचन दे.

(आईंनी आतापर्यंत हे आम्हालाही सांगितलं नव्हतं. लिहिताना मला थांबावं लागलं. चौक लिहायला दुसरी कोणी अजून सांगितलेली नाही. विचारलं तर म्हणतात, पोशी येईल.)

इकडे ये, तुझी वाट बघते.
फागी मावशी, लिहिणार हर्षाली


नाशिक
२७ मार्च २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

या वेळी मुद्दाम जाड पेनने आणि मोठ्या अक्षरात लिहिते आहे, टपालवाल्यांनी शाई कितीही फिकी केली तरी पोचावी म्हणून.

तुझं आणि फागी मावशीचं भांडण मी मनावर घेतलं आहे. भांडणात खरं कोण ते ठरवायला पुरावा लागतो. तू असं कर, गेरूच्या तीन पुरचुंड्या बांध. एक तू स्वतः आणलेला, एक बाजारचा, एक फागी मावशीचा. तिच्या अंगणातून मूठभर उचलून आण, कोणाला विचारू नको. तिन्ही घेऊन इकडे ये. आमच्याकडे बारीक बघणारी माणसं आहेत, ती काचेखाली धरून सांगतील कुठला लाल आणि कुठला नाही. मग कोणाला तोंड वर करायला जागा राहणार नाही.

मामा तुला मोखाड्याला एस.टी.त बसवून देतील, नाशिकच्या स्टँडवर मी उभी असेन. पंधरा दिवसांची तयारी करून ये. माझ्या खोलीत चूल नाही पण गॅस आहे, आणि भाकरीची आठवण मी मागच्या पत्रात केलीच होती.

येशील ना? नाही म्हणायचं नाही, एवढं माझं ऐक.
तुझी,
रविना


नाशिक
१३ एप्रिल २०२४

सौ. फागीस,
पोशीचा स. न. वि. वि.

फागी, तुला पत्र लिहायची माझी पहिलीच वेळ. घर समोर असताना कोण लिहितं. हर्षाली, सावकाश वाच, आणि सासूचं तोंड कसं होतं ते मला मागून सांग.

रविनाने मला फसवून आणलं. मी तीन पुरचुंड्या घेऊन आले. तुझी कुठली ते कळावं म्हणून तिला काळा दोरा बांधला होता. बारीक बघणारं माणूस म्हणजे एक डॉक्टरीण निघाली, डोळ्यांची. रविनाच्या वयाची पोर. मी तिच्या टेबलावर तिन्ही सोडल्या आणि काळ्या दोऱ्याची दाखवून म्हटलं, बाई, ही बघ, ही माझ्या मैत्रिणीने दिलेली माती, हिला कोणी गेरू म्हणेल का? तिने माझ्या डोळ्यात दिवा मारला. मग म्हणाली की आजी, मातीचं मी नंतर सांगते, तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. दुधावर साय धरते तसं झालंय, त्यातून लाल दिसणार कसं?

मी दोन दिवस ऐकलं नाही. म्हटलं, मला माणसं दिसतात, बस दिसते, जिना दिसतो. रविना म्हणाली की जिना तू पायाने मोजून चढतेस. खरं तर मला माहीत होतं, फागी. खूप आधीपासून थोडंथोडं माहीत होतं. पण गेरू फिका आहे म्हटलं की मला बरं वाटायचं.

मंगळवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुखलं नाही. बुधवारी सकाळी डॉक्टरणीने पट्टी काढली. आधी नुसतं पाणी. मग समोर रविना दिसली. पोरीच्या हनुवटीवर तीळ आहे तो मी विसरूनच गेले होते. ती रडत होती, मी तिला म्हटलं आधी पुरचुंड्या आण.

तिने खिडकीत तिन्ही सोडल्या. माझी बरी होती. बाजारची बरी होती. काळ्या दोऱ्याची उघडली आणि फागी, मला काय लिहावं ते कळत नाही. आपण दोघी पहिल्यांदा खडकीवर गेलो होतो, सासूने पाठवलं होतं, आणि तू कुदळ मारल्यावर आतून निघाला होता तसा लाल. त्याहून लाल. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. त्यात तुझ्या अंगणातलं एक पीससुद्धा होतं.

मी तो तुझ्या दारात ओतला. सगळ्यांच्या देखत तुला खोटी म्हणाले. तू खणलेला, तू कुटलेला, तू गाळलेला. तू मला तिथल्या तिथे चार शिव्या दिल्या असत्यास तर आज मला हे लिहिताना इतकं जड गेलं नसतं. मी चुकले. हे मी पाड्यातसुद्धा सगळ्यांच्या देखत म्हणेन, जिथे ओतला तिथेच उभी राहून.

चौकाला मला बोलाव. दुसरी सांगितली असशील तर तिला लिहू दे, मी पीठ वाटून देईन, पण मला कुडाजवळ बसू दे. महिनाभर वाकायचं नाही, धूळ उडवायची नाही म्हणून सांगितलंय, तो महिना लग्नाच्या आत संपतो. मी मोजला.

आपलं जुनं आहे ते तोडू नको.
तुझी,
पोशी


आवळपाडा
१८ एप्रिल २०२४

सौ. पोशीस,
फागीचा स. न. वि. वि.

दुसरी कोणी सांगितलेली नाही. मला कोण मिळणार, सगळ्यांना माहीत आहे की माझ्या अंगणात गेरू ओततात.

तू अंगणात उभी राहून काही म्हणायचं नाही. म्हणालीस तर मी घरात जाऊन दार लावीन. गेरू पुन्हा आणायचा आहे, उतारावर मी आणि आमचा पंकज जातो, तू वर झाडाखाली बसून नुसतं सांग कुठे खणायचं. तुला आता बारीक दिसतं म्हणतेस तर तेवढं कर.

डोळ्यात पाणी घालू नको, चुलीपुढे बसू नको. नवसूभाऊ आमच्याकडे जेवतात. ते म्हणतात की इथली भाजी बरी आहे, पोशीला घाई करू नका म्हणावं.

लवकर ये. विहिरीवर एकटीला कंटाळा येतो.
फागी

(आईंचं तोंड कसं होतं ते तुम्ही विचारलंत. पत्र वाचून झालं तसं त्यांनी पदराने तोंड झाकलं आणि पुन्हा वाच म्हणाल्या. मी चार वेळा वाचलं. – हर्षाली)


आवळपाडा
२२ मे २०२४

चि. रविनास,
पोशी आत्याचे अ. उ. आ.

तू लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ड्यूटीला पळालीस, म्हणून तुला पुढचं माहीत नाही. आधी खुशाली. उजवा डोळा छान आहे. थेंब घालते. तुझे मामा म्हातारे झालेत हे मला एकदम दिसलं, मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले की तूही आरशात बघ. मग दोघंही हसलो.

परवा प्रतिक्षा आणि संदीप पाहुणी म्हणून येऊन गेली. पोरगी खूश आहे. तिच्या सासूने विचारलं म्हणे की तुमच्या घरचा चौक कोणी लिहिला, आमच्या धाकट्याच्या लग्नाला त्या येतील का. म्हणजे आता माझी कीर्ती जामसरला गेली, तुझी आत्या मोठी झाली.

आता तुला एक सांगते ते पत्रातच सांगता येतं. नाशिकहून आले त्या दिवशी मी माझ्याच घराचा कूड पहिल्यांदा नीट पाहिला, दोन दिवाळ्या आधी लिहिलेला. नाचणाऱ्या बायांची रांग बघत होते. मी मान ताठ काढते, माझ्या आईने तशीच शिकवली. त्या रांगेत निम्म्या बायांच्या माना खाली झुकलेल्या. तशी मान या पाड्यात एकीच्याच हातची असते. मग मी ढवळूच्या घरी गेले, पाणी मागायचं निमित्त करून. तिथे तर देवीच्या चौकटीतल्या अर्ध्या रेघा तिच्या. दाराच्या फळीवर गेरूचे दोन पट्टे होते. ढवळूला विचारलं हे काय, तर तो म्हणाला की यंदा अशीच पद्धत आहे, फागीकाकूने सांगितलं.

मी पाणी न पिताच परत आले.

तुला हे माहीत होतं की नाही ते मी विचारत नाही. तू तुझा शब्द पाळलास असं समजते. मी फागीला काही म्हटलं नाही. गेरू कालवला, कूड लाल केला, आणि तू पाहिलंस तसं चौक लिहायला बसले. सगळं लिहून झालं तेव्हा चौकटीच्या बाहेर नाचणाऱ्यांची रांग मी मुद्दाम अर्धी सोडली होती, ते तुझ्या लक्षात आलं नसेल, तू पोरीला हळद लावत होतीस. फागीला हाक मारली आणि काडी तिच्या हातात दिली. ती म्हणाली की मी नवरीची आई आहे, मला शंभर कामं आहेत, तू कर. मी म्हटलं, पोरीच्या आईचा हात लागू दे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बसली. सगळ्या बायांच्या देखत तिने रांग पुरी केली, सगळ्या माना खाली.

लग्नानंतर आम्ही दोघी ओढ्यावर पाय पाण्यात सोडून बसलो होतो. हातांचा लाल निघत नव्हता. तेव्हा मी सहज बोलल्यासारखं म्हटलं की डॉक्टरीण डावा डोळा दिवाळीनंतर करणार आहे, तोपर्यंत मला त्या बाजूचं नीट दिसायचं नाही, तेव्हा डावीकडची बाजू तू सांभाळ. फागी बराच वेळ हात चोळत राहिली. मग म्हणाली, एक बाजू म्हणजे काहीच नाही, दोन वर्षं दोन्ही सांभाळल्या.

एवढंच बोलली. मग आम्ही घरी आलो.

दिवाळीनंतर येते, या वेळी फसवून बोलवायला नको. फागीलाही बरोबर आणते, तिने नाशिक पाहिलेलं नाही. दोघींना पुरेल एवढी जागा खोलीत कर, आणि आतासारखीच माया ठेव.
तुझी आत्या,
पोशी नवसू